तळं आधी, देऊळ नंतर: श्रीलंकेच्या ग्रुप टूरबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात अनुराधपूरबद्दल लिहिलं आणि शेवटी म्हटलं की कोणाला ग्रुपबरोबर श्रीलंकेला जायचं असेल तर विचारा, तर पत्रं आणि मेसेज इतके आले की सगळ्यांना उत्तर एका अंकात देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. मी चार वेळा गेलेय, दोनदा पुण्यातल्याच टूरबरोबर आणि दोनदा आमच्या इतिहासप्रेमी गटाला घेऊन, त्यामुळे खाली जे आहे ते तिथे पायी फिरून आणि बसमध्ये तासनतास बसून शिकलेलं आहे.

कोथरूडहून एक काका: मी ६४, सौ. ६०. दोन ब्रोशर हातात आहेत. एकात ६ रात्रींत कोलंबो, अनुराधपूर, सिगिरिया, दांबुला, पोलोन्नरुव, कँडी, नुवारा एलिया, एला, गॉल, बेंटोटा असं सगळं. दुसऱ्यात ८ रात्री आणि फक्त ४ मुक्काम, आणि ती माणशी वीसेक हजारांनी महाग. मुलगा म्हणतो पहिली घ्या, कमी पैशात जास्त बघून होतं.

काका, दुसरी घ्या. आणि मुलाला नकाशा उघडून दाखवा. श्रीलंका आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान, त्यामुळे ब्रोशर छापणाऱ्यालाही वाटतं आणि घेणाऱ्यालाही वाटतं की सगळं हाकेच्या अंतरावर आहे. पण एक्सप्रेसवे सोडले तर रस्ते बहुतेक दोन लेनचे, गावांतून जाणारे, मध्ये टुकटुक, सायकली, शाळा सुटलेली पांढऱ्या कपड्यांतली पोरं, त्यामुळे मोठी बस तासाला पस्तीस-चाळीस किलोमीटर गेली तरी खूप झालं. कँडी ते नुवारा एलिया ८० किलोमीटरसुद्धा नाही पण घाट असा आहे की तीन तास धरूनच चाला. आता ६ रात्रींत १० गावं करायची म्हटली तर रोज बॅग भरायची, रोज बॅग उतरवायची, आणि जागेपणीचा निम्मा वेळ खिडकीत.

माझी पहिली टूर अशीच होती. पोलोन्नरुवला पावणेचारला पोचलो आणि पाचला परत बसमध्ये. गल विहारातला तो पहुडलेला बुद्ध, १४ मीटर लांब, अख्खा एका खडकातून काढलेला, त्याच्या उशीवर डोक्याच्या भाराने जरासा खळगा पडतो ना, तोसुद्धा शिल्पकाराने कोरलाय, तो मला दुसऱ्या खेपेला दिसला. पहिल्या खेपेला मी फोटो काढून पळाले होते आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमच्या दुसऱ्या ब्रोशरमधले मुक्काम बघितले तर दांबुला-हबरणच्या बाजूला एकाच हॉटेलात ३ रात्री, कँडीत २, डोंगरात १ आणि गॉलला २, हे अगदी बरोबर बसवलंय. हबरणहून पोलोन्नरुव तासाभरावर, अनुराधपूर दीडेक तासावर, सिगिरिया तर जवळच. म्हणजे तीन दिवस बॅगेला हात न लावता तीन वेगवेगळ्या राजधान्या बघून होतात. घ्यायच्या आधी कंपनीला एवढंच विचारा की प्रत्येक ठिकाणी पायी फिरायला किती तास धरलेत, बसमध्ये रोज किती तास, आणि तिथला गाईड श्रीलंका टुरिझम डेव्हलपमेंट ऑथॉरिटीचं लायसन्स असलेला नॅशनल गाईड आहे का. ग्रुपबरोबर पुण्याहून येणारा टूर लीडर वेगळा आणि गाईड वेगळा, लीडर तुमची जेवणं आणि खोल्या बघतो, इतिहास त्याच्याकडून ऐकायची अपेक्षा ठेवू नका.

आता मागच्या अंकातलंच पण पुन्हा सांगते, कारण ह्यासाठीच मी हट्ट धरतेय. ह्या जुन्या शहरांत तळं आधी आणि देऊळ नंतर. तो सगळा उत्तर-मध्य भाग कोरडा, मुख्य पाऊस वर्षातले तीन-चार महिने, आणि तरी अनुराधपूर इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकापासून ते अकराव्या शतकाच्या सुरुवातीला चोळांनी घेईपर्यंत राजधानी राहिलं, हजार वर्षांच्या वर. एवढ्या माणसांना भात कुठून आला? तर तळ्यांतून. तळ्याला ते वेव म्हणतात. पाचव्या शतकात धातुसेन राजाने कला वेव बांधलं आणि तिथून अनुराधपूरच्या तिस्स वेवपर्यंत ८७ किलोमीटरचा कालवा नेला, त्याचा सुरुवातीच्या टप्प्यातला उतार किलोमीटरला साधारण १० सेंटिमीटर आहे. किलोमीटरला १० सेंटिमीटर, दीड हजार वर्षांपूर्वी, आणि पाणी पोचलं! नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्याचं पाणी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणलं त्याचं आपल्याला केवढं कौतुक, पेठांतले हौद आपण अजून पाहुण्यांना दाखवतो, मग हे बघितलं की पुणेकराला तर जास्तच कळतं की पाणी आणणं म्हणजे काय असतं.

आणि त्याच धातुसेनाची गोष्ट सिगिरियाला जोडलेली आहे. जुन्या बखरीत असं येतं की मुलगा कश्यप त्याला कैद करून खजिना कुठे लपवलाय ते विचारायला लागला, तेव्हा म्हातारा राजा त्याला कला वेववर घेऊन गेला, पाण्यात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला माझी सगळी दौलत ही. मुलाने त्याला मारलं आणि स्वतः भीतीपोटी सिगिरियाच्या खडकावर जाऊन राहिला, ४७७ ते ४९५. सिगिरियाच्या पायथ्याशी सगळे गाईड ही गोष्ट सांगतात पण कला वेववर बस कोणी थांबवत नाही. दांबुला-अनुराधपूर रस्त्यापासून थोडी वाट वाकडी करावी लागते, जवळच औकनचा १२ मीटरच्या वर उंचीचा उभा बुद्ध आहे. तुमच्या ग्रुपने आधीच मिळून मागितलं तर टूरवाले करतात, आमच्यासाठी केलं होतं.

पिंपरीहून एक वाचक: आमच्या विहारातले ३५ जण, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, अनुराधपूरला बोधिवृक्षाच्या दर्शनाला जायचं म्हणतोय. पौर्णिमेला जावं का टाळावं?

दादा, तुमच्यासाठी पौर्णिमा टाळू नका, तुम्ही फक्त बघायला जात नाही आहात. तिकडे दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, पोय म्हणतात, दारू आणि मांसाची दुकानं बंद, आणि सगळी कुटुंबं पांढरे कपडे घालून फुलांची तबकं घेऊन येतात. इतर टूरवाले पोय टाळतात कारण गर्दी असते. पण त्या संध्याकाळी रुवनवेली स्तूपाभोवती पांढऱ्या कपड्यांतली माणसं हळूहळू प्रदक्षिणा घालत असतात आणि कोणी मोठ्याने बोलत नाही, ते बघून मी स्वतः एका कोपऱ्यात तासभर बसून राहिले होते.

बोधिवृक्ष म्हणजे सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेहून आणलेली फांदी. माणसाने लावलेलं आणि लावल्याची नोंद असलेलं जगातलं सगळ्यात जुनं जिवंत झाड म्हणून ते ओळखलं जातं. त्याआधी तिचा भाऊ महिंद बौद्ध धर्म घेऊन आला आणि तिथून जवळच मिहिंतलेच्या डोंगरावर राजा देवानंपियतिस्साला भेटला, म्हणून जूनच्या पौर्णिमेला, पोसोनला, मिहिंतलेला लोटच्या लोट येतात, तेव्हा राहायची सोय फार आधी करावी लागते. मिहिंतलेला १८४० पायऱ्या आहेत पण बऱ्याच वरपर्यंत गाडीरस्ताही आहे, वयस्कर मंडळींना तिकडून न्या.

जेतवन स्तूप चुकवू नका. आपण भाजे-कार्ल्याला डोंगरात कोरलेले स्तूप बघत मोठे झालो, हा विटांचा, तिसऱ्या शतकातला, बांधला तेव्हा १२२ मीटर उंच होता आणि त्या काळात गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर त्याच्यापेक्षा उंच काही नव्हतं. अंदाजे ९ कोटींच्या वर विटा लागल्यात. आज उंची बरीच कमी झालीय तरी खाली उभं राहिलं की मान दुखते. आणि कँडीला गेलात तर ग्रुपमधल्या तरुण मुलांना आवर्जून सांगा की १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथल्या बौद्ध परिषदेला आले होते, नागपूरच्या दीक्षेच्या ६ वर्षं आधी. माझ्या दोन्ही टूरमध्ये गाईडने हे सांगितलं नाही, मीच सांगितलं.

पायात मोजे ठेवा. चपला बाहेर काढायच्या असतात आणि दुपारी स्तूपाभोवतीची फरशी अक्षरशः भाजते, मोजे चालतात.

सिंहगड रोडहून एक आजी: गुडघे दुखतात, पर्वती अजून चढते पण दोनदा थांबून. सिगिरिया होईल का?

आजी, पर्वतीच्या १०३ पायऱ्या, सिगिरियाच्या साधारण १२००, मध्ये गोल लोखंडी जिनाही आहे आणि वरून लोक उतरत असतात, म्हणजे पर्वती बारा वेळा चढायची असं समजा. सकाळी उघडल्या उघडल्या गेलात, घाई नसेल आणि बरोबर कोणी असेल तर वाटेत सिंहाच्या मोठ्या पंजांचं शिल्प आहे तिथपर्यंत जाता येईल, तिथे बसायला जागा आहे, पुढचा शेवटचा टप्पा उघड्या कड्यावरून जातो तो मी तुमच्या जागी सोडला असता. पण खरं सांगू का, पायथ्याची पाण्याची बाग बघून परत आलात तरी काही गमावलं असं नाही. बाग सपाट आहे, तळी, कारंजी, जमिनीखालून नळ, आणि त्यातली काही कारंजी पावसाळ्यात आजही उडतात, दीड हजार वर्षांची कारंजी! बाकी ग्रुप वर जाऊन येईपर्यंत तुम्ही बाग आणि तिथलं म्युझियम निवांत बघू शकता, फक्त आधी लीडरला सांगून ठेवा म्हणजे कोणी मागे थांबलं म्हणून चिडचिड होत नाही.

वर जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. खडकावर गांधीलमाशांची पोळी आहेत, शांत राहा असे बोर्ड लावलेत ते खरोखर पाळायचे, आरडाओरडा करून ग्रुप फोटो काढू नका. आणि भित्तिचित्रांपाशी फोटो काढायला बंदी आहे, डोळ्यांनीच बघा.

औंधहून एक ताई, एकट्याच ग्रुपबरोबर जाणार: मला शहरांपेक्षा खेडी बघायची आहेत. टूरमध्ये "व्हिलेज सफारी" लिहिलंय, ते खरं असतं का दाखवायचं?

ताई, ते पर्यटकांसाठी मांडलेलं असतं हे आधीच मनात धरून जा म्हणजे हिरमोड होणार नाही. हबरणच्या बाजूला बैलगाडीतून बांधावरून नेतात, मग तळ्यात कमळांमधून होडी, मग एका घरात चुलीवरचं जेवण. बैलगाडीचं आपल्याला काय, शिरूर-जुन्नरकडच्या माणसाला त्यात नवं काही नाही. पण जेवण खरं असतं. बाई तुमच्या समोर पाट्यावर खोबरं-मिरची वाटते, नारळाच्या झावळ्या कशा विणायच्या ते दाखवते, आणि तुम्ही विचारलंत तर तळ्याचं पाणी गावात कसं वाटतात तेही सांगते, कोणाच्या शेताला आधी, कोणाला नंतर. मी हे विचारलं तेव्हा आमच्या गाईडने तासभर दुभाष्याचं काम केलं आणि ग्रुपमधले चार शेतकरी घरातले लोक तिथून हलेनात, पाण्याची पाळी म्हटल्यावर सगळ्यांना आपापलं गाव आठवलं.

ह्यापेक्षा चांगलं म्हणजे पोलोन्नरुवला भाड्याने सायकल मिळते ती घ्या. पराक्रमबाहू पहिला, बाराव्या शतकातला राजा, त्याचं म्हणणं इतिहासात नोंदवलंय की पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाता कामा नये, आणि त्याने बांधलेलं तळं एवढं मोठं की नावच पराक्रम समुद्र. सकाळी सहा-साडेसहाला त्याच्या बांधावरून सायकलने गेलात की एका बाजूला ते पाणी, पाणकावळे, जाळी टाकणारे कोळी, आणि दुसऱ्या बाजूला खाली भाताची खाचरं, त्याच पाण्यावर आजही पिकणारी. ग्रुप नाश्त्याला यायच्या आत परत येता येतं. एकटी बाई म्हणून मला तिथे कधी अडचण आली नाही, पण हॉटेलात सांगून जा आणि अंधार पडल्यावर रस्त्याने फिरू नका, त्या भागात संध्याकाळी रस्त्यावर हत्ती येतात.

वाटेत मातीच्या गाडग्यात म्हशीचं दही विकणारे दिसतील, त्यावर कितुल माडाचा पाक घालून देतात, आपल्या कोकणातला भेरली माड तोच. गाडी थांबवायला लावा.

बिबवेवाडीहून एक काकू: आम्ही शुद्ध शाकाहारी, दोघं जैन. जेवणाचे हाल होतील का?

काकू, हाल होत नाहीत पण सावध राहावं लागतं. भात, परिप्पु म्हणजे मसुराची नारळाच्या दुधातली डाळ, फणसाची भाजी, बीट, भोपळा, शेंगा, हिरव्या पाल्याची कोशिंबीर, आप्पे... म्हणजे आपले आप्पे नव्हे, मोठे वाटीसारखे, आप्प म्हणतात, आणि शेवयांसारखे इडिआप्प, हे सगळीकडे. अडचण एकच आणि ती मोठी, उंबलकड. वाळवलेल्या माशाचा चुरा. तो खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे पोल सांबोलमध्ये, आणि कधीकधी भाजीतही घालतात आणि तिथे त्याला मासे खाणं असं कोणी धरत नाही, आपण हिंग घालतो तसं ते घालतात. नुसतं व्हेज आहे का विचारलं तर हो म्हणतील आणि खोटं बोलतायत असंही नाही. म्हणून उंबलकड हा शब्द पाठ करा, तो घातलाय का असंच विचारा. "मस एपा, मालु एपा" म्हणजे मांस नको, मासे नकोत. बेकरीत "मालु पान" दिसलं तर त्यात मासे आहेत, पान म्हणजे पाव, आपल्यासारखाच पोर्तुगीजांकडून आलेला शब्द.

जैन जेवण हॉटेलांना दोन दिवस आधी लेखी कळवायला लावा, कांदा-लसूण-बटाटा नको असं फोड करून. डोंगरात आणि आगगाडीच्या दिवशी जवळ खाकरे असू द्या. आणि तंबिली प्या, केशरी रंगाचं शहाळं, तिथे वाटेवर जागोजागी मिळतं.

तिघांचा एकच प्रश्न: मेची सुट्टी, दिवाळी का जानेवारी?

जमत असेल तर जानेवारी संपता संपता ते मार्च. तिकडे दोन मान्सून आहेत, नैर्ऋत्येचा मे ते सप्टेंबर कोलंबो, गॉल आणि डोंगराला झोडपतो, ईशान्येचा साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तर आणि पूर्व बाजूला. दिवाळीच्या सुमारास दोन्हींच्या मधला पाऊस, दुपारी हटकून गडगडाट, डोंगरात दरडी पडून रेल्वेमार्ग बंद राहण्याचे प्रसंग येतात, तेव्हा कँडी-एला गाडीचे पैसे भरले असतील तर गाडी रद्द झाल्यास काय देणार ते आधी लिहून घ्या.

पण पोरांच्या शाळांमुळे मेच शक्य असेल तर मेच्या पौर्णिमेच्या आसपास जा, वेसाक असतो, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. चौकाचौकात जातककथांचे दिव्यांचे देखावे, घरोघरी कागदी कंदील, रस्त्यावर लोक फुकट जेवण वाटतात त्याला दन्सल म्हणतात आणि गाडी थांबवून आग्रह करतात. गणपतीत लक्ष्मी रोडवर रात्रभर देखावे बघत फिरलेल्या माणसाला ते फार जवळचं वाटतं.

सदाशिव पेठेतून एक काका: सौ.ना रामायणातली ठिकाणं बघायची आहेत, मला इतिहास. दोन वेगळ्या टूर घ्यायच्या का?

अजिबात नाही काका, एकत्र जा! सीता अम्मन मंदिर नुवारा एलियाहून थोड्याच अंतरावर सीता एलियाला आहे, ओढ्याकाठी, खडकावरचे खळगे मारुतीच्या पावलांचे म्हणून दाखवतात. रावण एला धबधबा एलाजवळ. मुन्नेश्वरम हे शंकराचं जुनं देऊळ चिलावला, विमानतळावरून उत्तरेकडे जाताना वाटेत घेता येतं. म्हणजे तिन्ही तुमच्या मार्गावरच आहेत. नुसती रामायण टूर घेतली तर अनुराधपूर आणि पोलोन्नरुव बरेचदा वगळलेलं असतं, त्याचं मला वाईट वाटतं. आणि सौ.ना पोलोन्नरुवचं चोळांचं दगडी शिवमंदिर नक्की दाखवा, हजारेक वर्षांचं, आत अजून लोक दिवा लावतात.

हडपसरहून एका वाचकाची तक्रार: मागच्या वर्षी आमच्या ग्रुपला रत्नांच्या दुकानात पावणेदोन तास आणि मसाल्याच्या बागेत दीड तास बसवलं, आणि गॉलच्या किल्ल्यात ४० मिनिटं दिली. हे चालतं का?

चालू नये. पण चालतं, कारण कुठल्या दुकानात किती वेळ हे ब्रोशरमध्ये लिहिलेलंच नसतं आणि आपण विचारत नाही. आता पुढच्या वेळी खरेदीचे थांबे किती आणि किती वेळाचे ते बुकिंगच्या ईमेलमध्ये लिहून मागा आणि ज्याला दुकानात जायचं नाही त्याने काय करायचं तेही. मसाल्याची बाग मी सरसकट वाईट म्हणणार नाही, दालचिनीची साल कशी सोलतात ते बघण्यासारखं असतं, आतली पातळ साल काढून एकात एक गुंडाळून वाळवतात म्हणून तिकडची कांडी कागदाच्या सुरळीसारखी लागते आणि चुरा होते. आपल्याकडे बाजारात बहुतेक जाड सालीची मिळते ती वेगळ्या झाडाची. मसाले घ्यायचेच तर शेवटच्या दिवशी साध्या सुपरमार्केटमधून घ्या.

गॉलला ४० मिनिटं म्हणजे फार वाईट केलं हो. आपले पोर्तुगीज किल्ले बघा, वसई घ्या, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला, आज आत पडके चर्च आणि झाडं. गॉल पोर्तुगीजांनी सुरू केला, डचांनी १६४० मध्ये घेतला आणि वाढवला, १७९६ ला इंग्रजांकडे गेला, आणि आत आजही लोक राहतात. शाळा, मशीद, १७५५ चं डच चर्च, कोर्ट, गल्लीत क्रिकेट, तटावर संध्याकाळी अख्खं गाव फिरायला. २००४ च्या त्सुनामीत बाहेरचं गाव उद्ध्वस्त झालं आणि ह्या तटाने आतली घरं बरीचशी वाचवली. तिथे मुक्कामच हवा, दुपारी उन्हात फिरून काही कळत नाही, संध्याकाळी पाचला तटावर चढायचं आणि अंधार पडेपर्यंत पूर्ण फेरी मारायची, दमत दमत दीड तास लागतो.

बऱ्याच जणांनी विचारलेलं किरकोळ: घड्याळ बदलायला लागत नाही, वेळ आपलीच. ईटीए म्हणजे प्रवासाची परवानगी ऑनलाइन काढायची, सरकारी साइटवरूनच, नियम आणि फी बदलत राहतात म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात स्वतः तपासा. सिगिरिया-पोलोन्नरुवसारख्या ठिकाणी सार्क देशांच्या पासपोर्टवर तिकिटात सवलत असते, त्यामुळे पासपोर्ट हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवून निघू नका. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढायचा नाही, ह्यावरून लोकांना खरंच त्रास झालाय.

धायरीहून सहावीतली एक वाचक: मी आईबाबांबरोबर जाणार आहे. तिकडची मुलं काय भाषा बोलतात? मला थोडी शिकवा ना.

शिकवते की! बरीचशी मुलं सिंहली बोलतात, काही तमिळ. सिंहली आपल्या मराठीच्याच कुळातली आहे, म्हणून तुला पटकन येईल. भेटल्यावर "आयुबोवन" म्हणायचं, म्हणजे भरपूर आयुष्य लाभो. धन्यवाद म्हणजे "स्तुति". गावाला "गम", दुधाला "किरी", आपली खीर आठव. पाण्याला "वतुर". आणि आकडे असे: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. बघ, पहिला आणि शेवटचा तर तुला येतोच. सिगिरिया चढताना दर दहा पायऱ्यांना एक वेळ म्हण, साधारण १२० वेळा म्हटलंस की वर पोचशील, आणि नक्की किती पायऱ्या भरल्या ते मला लिहून कळव.